‘गो’चा तास

वेसाव्याच्या कोळीवाड्यात बर्फाच्या कारखान्यामागे एक माडी आहे. मासळीबाजार आटोपला, पाट्या धुऊन झाल्या की दुपारी तिथे बायका इंग्रजी शिकायला जमायच्या. शिकवायला जोगेश्वरीहून नेत्रा यायची. बाप गिरणीतला, आई कोकणातली आणि पोरगी इंग्रजीत एम.ए.; त्यामुळे चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की तिचे दात आंबायचे. बाई वाईट नव्हती. फक्त आपण बरोबर असलो की गप्प बसणं तिला जमत नसे, आणि इंग्रजीच्या बाबतीत ती नेहमीच बरोबर असायची.

वर्गात सगळ्यात मागे अंजनाबाई बसायची. तिचा एकुलता एक कृणाल परदेशी कंपनीच्या मालवाहू जहाजावर होता. मागे एकदा कंपनीचा फोन आला, साहेब इंग्रजीत भडाभडा बोलत सुटला, आणि हिने घाबरून फोन कापला. नंतर कळलं, पगाराच्या बँक खात्याची साधी चौकशी होती. पण पोराची खबर आपल्याला आपल्या कानांनी कळली पाहिजे, हे तिने तेव्हाच ठरवलं. लिंबाने हात चोळून, धुतलेलं लुगडं नेसून ती वर्गाला यायची. निघताना दारातून म्हणायची, ‘‘येते गं टीचर.’’ आणि नेत्रा न चुकता म्हणायची, ‘‘इंग्रजीत सांगा. आय ॲम गोइंग.’’ अंजनाबाई नुसतीच हसायची.

त्या दिवशी तास ‘गो’चा होता. नेत्राने फळा भरून टाकला. गो होम, घरी जाणं. गो शॉपिंग, इथे मध्ये ‘टू’ घालायचं नाही. दूध नासतं ते गो बॅड, केस पिकतात ते गो ग्रे. ‘‘म्हंजे म्हावरं पण गो बॅड?’’ राधाने विचारलं. ‘‘तुझं तर रोजच होतं,’’ शेजारीण म्हणाली आणि माडी हसली. नेत्राही हसली. तास असा रंगला की तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

मग एकेकीने वाक्य करायचं होतं. अंजनाबाईची पाळी आली.

‘‘माय सन कम टू सी.’’

‘‘कम नाही, गो. माय सन हॅज गॉन टू सी.’’

‘‘कम,’’ अंजनाबाई म्हणाली.

‘‘अहो, तो गेलाय ना?’’

पुढे बसलेल्या बायकांनी वळून अंजनाबाईकडे पाहिलं. दर्यावर निघालेल्या माणसाला तिथे कोणी ‘गेला’ म्हणत नाही. तो ‘येतो’ म्हणून निघतो, आणि त्याचं पाऊल उंबऱ्याला लागेपर्यंत घरचे ‘येतोय’च म्हणतात. नेत्राला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिची स्वतःची आई ‘येते’ म्हटल्याशिवाय तिला घराबाहेर सोडत नसे.

‘‘टीचर, आमच्यात तसं बोलत नाय,’’ राधा समजावू लागली.

‘‘इंग्रजीत बोलतात,’’ नेत्रा म्हणाली. ‘‘उद्या कंपनीचा फोन आला तर साहेबाला काय सांगणार, कम? म्हणा. एकदाच.’’

फोनचं नाव काढल्यावर अंजनाबाईचा इलाज चालेना. ती उठून उभी राहिली. पदर आवळून घेतला. ‘‘माय सन हॅज गॉन टू सी.’’ एकही चूक नाही. नेत्राने टाळ्या वाजवल्या. वाजवणारी ती एकटीच होती. अंजनाबाई खाली बसली आणि तास संपेपर्यंत ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली, ‘‘येतो, येतो, येतो.’’

पुढच्या आठवड्यात भर वर्गात तिचा फोन वाजला. नंबर परदेशचा. तिने कानाला लावला, एक-दोन शब्द ऐकले आणि फोन नेत्रापुढे धरला. ‘‘टीचर, तू बोल.’’

पलीकडचा माणूस फार सभ्य होता. सावकाश बोलत होता, मध्ये थांबत होता. रात्री समुद्र खवळला होता. सकाळी हजेरीला कृणाल नव्हता. आसपासची जहाजंही शोध घेत होती. नेत्रा ‘‘यस, यस’’ म्हणत राहिली. शब्द न् शब्द तिला कळत होता. आपल्याला ही भाषा आली नसती तर बरं झालं असतं, असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

‘‘काय म्हंतो?’’

‘‘कृणाल सकाळपासून जहाजावर सापडत नाहीये. शोधतायत. सगळे शोधतायत.’’

अंजनाबाई रडली नाही. कुणाला दोष दिला नाही. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘‘टीचर, मी त्या दिवशी बोलली, ते मागं घेता येतं? इंग्रजीत असंल कायतरी. तुला सगळं येतं.’’

एका वाक्याने कुणी समुद्रात पडत नाही, हे नेत्राला पक्कं ठाऊक होतं. पण त्या ठाऊक असण्याचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता, तिला स्वतःलाही नव्हता.

‘‘नाही हो,’’ ती म्हणाली. ‘‘तसं काही नाही.’’

राधा रिक्षा बघायला खाली पळाली. अंधेरीला कंपनीच्या एजंटकडे धाव घ्यायची होती. अंजनाबाईने पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या. ती दारात पोचली तशी नेत्रा नेहमीच्या ‘येते गं टीचर’ची वाट बघत उभी राहिली. अंजनाबाई काही न बोलता दाराबाहेर पडली.

‘‘अंजनाबाई,’’ नेत्राने हाक मारली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, याचंही तिला भान राहिलं नाही. ‘‘येते म्हणा. येते म्हणून जा ना.’’

अंजनाबाई जिना उतरत राहिली.