कोकराचा मालक

नाथाजीला मेंढरातलं जेवढं कळतं तेवढं अख्ख्या जत तालुक्यात कुणाला कळत नाही, असं कुणीही सांगेल. कुणी सांगायचं विसरलंच, तर नाथाजी स्वतः सांगेल. माडग्याळी मेंढी नुसती खोकली तरी हा गडी ताटावरून उठायचा. बकऱ्याचं नाक जरा भरलं की धोतराच्या सोग्यानं पुसायचा. पार कर्नाटकातनं माणसं मेंढरं दाखवायला यायची.

आणि घरात सहा वर्षांची नात, मयूरी, दोन वर्षं तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, त्याचं ह्या महापंडिताला काही म्हणजे काही नाही!

त्याची सून मंगल मात्र रोज बघत होती. नवरा तिकडं सेलमला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, घरात चालायचा तो सासऱ्याचाच शब्द. पोरगी झोपेत घोरायची, मधेच श्वास अडकायचा, मग दचकून हवा ओढायची. सकाळी उशी लाळेनं ओली. घास घशाखाली उतरता उतरायचा नाही. बारा महिने सर्दी, बोलणं नाकात, आणि टीव्ही एवढा मोठा की शेजारच्या वस्तीनं घरी बसून मालिका ऐकावी. मागनं हाक मारली तर ढिम्म. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिचं लक्षच नसतं.

नाथाजीचं शास्त्र वेगळं. "घोरती म्हंजे झोप गाढ हाय. अंगाला लागंल." नाक वाहतंय? "वाढीचं हाय." ऐकत नाही? "हट्टी हाय, आईवर गेलीया." ह्या शेवटच्या दुखण्यावर त्याच्याकडं औषधही होतं, डोक्यात टप्पल. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घशात गाठी सुजल्यात, सांगलीला दाखवा. तर हा हसला. "सांगलीला कशापायी? मी मेलोय व्हय?"

मंगल त्या दिवशी न्हाणीत जाऊन रडली. रडून झाल्यावर तिला राग आला, आणि रागानं डोकं चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाथाजी दुधात भाकरी कुस्करत बसला होता. मयूरी टीव्हीपुढं. मंगल पदर सावरत म्हणाली, "मामा, एका कोकराचं इचारायचं हुतं."

"बोल." मेंढराचं नाव निघालं की ह्याचे कान टवकारलेच.

"त्वांडानं दम घेतंय. निजल्यावर घरघरतंय, मधनंच दम तुटतोय."

"नाक?"

"सारखं वाहतंय. वैरण त्वांडात धरून बसतंय, गिळत न्हाई. हाळी दिली तर वळून बगत न्हाई."

नाथाजीनं ताट बाजूला सारलं. "गळ्यात, न्हाईतर नाकामागं गाठ हाय त्येच्या. कानाला बी लागलंय. कवापासनं?"

"दोन वर्सं झाली."

"दोन वर्सं!" तो असा ओरडला की दारातलं कुत्रं उठून गेलं. "आगं, कोकराचं मेंढरू झालं की त्येचं! दोन वर्सं झोपला हुता का त्यो मालक? आसल्या नालायकाच्या हातात जनावर देऊ ने! नाव सांग त्येचं, जाऊन दोन हाणतो."

"नाथाजी," मंगल म्हणाली. सासऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा घेतलं. "कोकरू त्ये काय, टीव्हीपुढं बसलंय."

म्हातारा लालबुंद झाला. "पोरीची न् मेंढराची बरोबरी करतीस?"

"बरोबरी कुठं करतीया, मामा? मेंढराइतकं तरी बगा म्हंतीया."

घरात नुसता टीव्ही बोंबलत होता. नाथाजी उठला. आयुष्यात हजारो मेंढरांची तोंडं उघडली त्यानं, नातीचं पहिल्यांदाच उघडलं. मोबाइलचा उजेड आत मारला. दोन्ही बाजूंनी सुपारीएवढ्या गाठी मधोमध येऊन एकमेकींना टेकायच्या बेतात होत्या. त्यानं तिचं तोंड मिटवलं आणि बकऱ्यांच्या पिकअपला चावी लावली.

सांगलीच्या डॉक्टरनं विचारलं, "वय किती?" नाथाजीनं मेंढराचं वय बघायच्या सवयीनं पोरीचा ओठ वर करून दात बघितले. मंगलनं घाईनं सांगितलं, "सहा."

डॉक्टर हसला नाही. नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं, कान तपासले, कानाला यंत्र लावून ऐकू किती येतंय तेही मोजलं. "टॉन्सिल तर आहेतच. नाकामागं आणखी एक गाठ वाढलीय, ॲडिनॉइड म्हणतात. तिनं वाट अडवलीय, म्हणून तोंडानं श्वास. त्या गाठीनंच कानाच्या पडद्यामागं पाणी साठलंय. हळू बोललेलं हिला ऐकूच येत नाही. ऑपरेशन करू, पाणीही काढू. बहुतेक ऐकू यायला लागेल."

"म्हंजे हट्टी न्हाई?" नाथाजीनं विचारलं.

"छे! आजोबा, हट्ट करायला आधी हाक ऐकू यावी लागते."

मग डॉक्टर पोरीच्या मागं जाऊन हळूच म्हणाला, "मयूरी, नाव काय तुझ्या शाळेचं?" पोरगी समोरच्या भिंतीवरचं चित्र बघत बसली. नाक वाहत होतं. नाथाजीला भडभडून आलं. सोगा हातात धरून तो तिचं नाक पुसायला पुढं झाला.

हात जवळ येताना दिसला मात्र, पोरीनं डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

हात तिथंच थांबला. मंगलनं बघितलं, डॉक्टरनंही बघितलं. नाथाजी हळूहळू खाली बसला, नातीपेक्षाही खाली, आणि तिनं डोळे उघडायची वाट बघत राहिला.