टोपलीतला मंगळवारचा पाव

व्हॅलेटा नगरीतील सेंट उर्सुला गल्ली पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरत जाते. त्या पायऱ्यांवरून झारेन रोज सकाळी पावांचे खोके खांद्यावर घेऊन उतरत असे. गाडी वरच्या चौकातच उभी करावी लागे. याच गल्लीतील एका पिवळ्या दगडी घराच्या पहिल्या मजल्यावर त्याचा जन्म झाला होता. आई निवर्तल्यावर त्याने तो मजला एका हॉटेलवाल्यास विकला आणि पत्नी लोर्नासह मोस्ता गावी बिऱ्हाड हलविले. त्याचे पाहून दुसऱ्या मजल्यावरच्यांनीही विकले. आता त्या उंच घरात तिसऱ्या मजल्यावर एकटी चेट्टामावशी उरली होती.

मावशीचे गुडघे जिने चढण्या-उतरण्यास नकार देत. म्हणून ती हिरव्या सज्ज्यातून दोरीने टोपली खाली सोडी. झारेन तीत पाव ठेवी आणि मान वर करून खणखणीत आवाजात म्हणे, "चेट्टामावशी, ओढ!" मग टोपली हेलकावे खात वर जाई आणि वरून काही ना काही टोमणा खाली येई. उभयतांचा हा परिपाठ झारेन नवखा पाववाला होता तेव्हापासूनचा होता.

त्या सोमवारी मार्तीज नावाची वाटाडी बाई परदेशी पाहुण्यांचा जथा घेऊन गल्लीत उभी होती. तिचे पाठांतर झारेनलाही पाठ झाले होते.

"युरोपीय संघातली ही सगळ्यात लहान राजधानी. उभी-आडवी मोजली तर एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. ख्रिस्ती सरदारांनी तुर्कांचा वेढा परतवला आणि मग ही वसवली. आता इथे राहणारी माणसं जेमतेम पाच-सहा हजार."

"त्यातून एक वजा कर गं, मार्तीज!" वरून मावशी गरजली. "हा खाली उभा आहे ना पाववाला, हा आमचाच! आईचं घर विकून मोस्त्याला पळाला. आता आम्हालाच पाव विकायला येतो!"

मार्तीजने हसत हसत ते पाहुण्यांना उलगडून सांगितले. पाहुणे हसले. एकाने तर झारेनचे छायाचित्रही काढले. झारेनचे कान तापले. वरकरणी तो म्हणाला, "मावशी, जीभ जरा त्या टोपलीत घालून खाली पाठव, धार लावून देतो!" परंतु अंतःकरणात 'पळाला' हा शब्द रुतून बसला होता. खोटा असता तर तो इतका रुतला नसता.

मंगळवारी तो आला तेव्हा टोपली आधीच खाली लोंबत होती. सज्ज्यात कोणी नव्हते. 'आज हाक मारणारच नाही,' त्याने मनाशी ठरविले. 'तिलाच मारू दे. गरज तिला आहे.' त्याने पाव टोपलीत ठेवला, क्षणभर थांबला आणि मान वर न करता निघून गेला.

बुधवारी टोपली तेथेच होती. तीत मंगळवारचा पाव होता आणि दोन कबुतरे त्याचे लचके तोडीत होती. समोर मार्तीज नव्या जथ्यास कौतुकाने सांगत होती, "बघा, आमची जुनी पद्धत! अजून जिवंत आहे." पाहुणे छायाचित्रे काढीत होते.

"काय रे झारेन, तुझी मैत्रीण आज गप्प कशी?" मार्तीजने विचारले.

"रुसली असेल. माझा पाव नको असेल तिला," झारेन तुटकपणे म्हणाला. तो पायऱ्या चढून वर गेला.

चौकात गिऱ्हाइकी करीत असता त्याच्या हातून एक पाव निसटून फरशीवर पडला. गिऱ्हाईक म्हातारा होता. त्याने पाव उचलला, जुन्या रीतीप्रमाणे त्याचे चुंबन घेतले आणि झारेनच्या हाती दिला. झारेन त्या पावाकडे पाहातच राहिला. चेट्टामावशीही असेच करी. पावाचा तुकडा पडला तरी ती ओठांना लावल्यावाचून ठेवीत नसे. रुसली तरी ती पाव कबुतरांना खाऊ देणार नाही. म्हणजे तिला टोपली ओढताच आली नव्हती. गाडी उघडी टाकून तो पायऱ्या उतरत धावला.

"मावशी! ए चेट्टामावशी!" उत्तर आले नाही. मुख्य दाराचे कुलूप हॉटेलवाल्याने बदलले होते. ज्या घरात त्याचा जन्म झाला, त्याचे दार त्याला खांद्याने फोडावे लागले.

मावशी स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते, ओठ कोरडे पडले होते. परंतु श्वास चालू होता.

इस्पितळात तिला दोन दिवसांनी नीट बोलता येऊ लागले. मार्तीज फळे घेऊन आली होती. "गल्लीभर झारेनचंच नाव आहे," ती परिचारिकेला सांगत होती. "दार फोडलं याने! अस्सल व्हॅलेटाकर!"

झारेन पलंगापाशी मान खाली घालून उभा होता. प्रत्येक स्तुतीबरोबर तो अधिकच आक्रसत होता. ऐकवेना, तेव्हा तो म्हणाला, "मार्तीज, पुरे कर. मी मंगळवारीच आलो होतो. टोपली लोंबत होती. मी रागात होतो, म्हणून हाक मारली नाही. मारली असती आणि उत्तर आलं नसतं, तर तेव्हाच कळलं असतं मला."

मार्तीजच्या हातातील संत्रे तसेच राहिले. "मीसुद्धा फोटो काढू दिले रे," ती पुटपुटली.

मावशीने डोळे उघडले. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी पडले होते तिथून दोरी दिसत होती. टोपली सोडली आणि चूल पेटवायला वळले, तर पाय घसरला. मग दोरी हलली. म्हटलं, आला झारेन. आता हाक मारेल. माझा आवाज फुटत नव्हता, पण तुझी हाक आली असती तर भांडं तरी वाजवलं असतं. हाताशी होतं." तिने चादर अंगावर ओढून घेतली. "दोरी थांबली. तू गेलास."

मावशीने त्याला क्षमा केली, असे म्हणता येत नव्हते. तिने तोंड भिंतीकडे फिरविले होते.

महिन्याभराने तिच्या एका भाच्याने तिला वृद्धाश्रमात ठेवले. तिसरा मजला तिला आता चढता येणार नव्हता. आश्रम मोस्त्यास होता, झारेनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

पहिल्याच सकाळी तो गरम पाव घेऊन गेला. मावशी तळमजल्यावरील खोलीत आरामखुर्चीत बसली होती. तिच्या मांडीवर तीच टोपली होती, दोरी गुंडाळून ठेवलेली.

"शेवटी मलाही मोस्त्याला आणलंत," ती म्हणाली. "ठेव त्यात."

त्याने टोपलीत पाव ठेवला.

"आता हाक मार."

"मावशी, अगं तू इथेच तर आहेस. माझ्यासमोर."

"मार म्हणते ना."

बाजूच्या पलंगांवरील वृद्धा टकमक पाहू लागल्या. दारातली सेविकाही थबकली. झारेनने मान वर केली. तेथे सज्जा नव्हता, केवळ चुन्याने रंगविलेले छत होते. मग तो गल्लीत जितक्या मोठ्याने ओरडत असे, तितक्याच मोठ्याने ओरडला, "चेट्टामावशी, ओढ!"

मावशीने दोरीचे टोक हाती घेतले आणि टोपली स्वतःजवळ ओढली.

"उद्यापण," ती म्हणाली.