नाव न घेता केलेली प्रार्थना

मावशीच्या खाटेजवळ खुर्ची आधीच ओढलेली होती, आणि पाळकाच्या मनात पाल चुकचुकली ती त्या खुर्चीमुळे.

मावशी म्हणजे चर्चच्या मंडळीतली सगळ्यांत जुनी सभासद. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. तिच्या घरातली ती एकुलती खुर्ची एरवी भिंतीशी, कपड्यांच्या ढिगाखाली असायची. पाळक दारात दिसला की सून कपडे उचलायची, खुर्ची झटकायची आणि खाटेपासून हातभर लांब ठेवायची. आज खुर्ची रिकामी होती आणि खाटेला इतकी चिकटून होती की तिच्यावर बसलेल्या माणसाने मावशीचा हात नक्की हातात घेतला असणार.

"कोण आलं होतं?" पाळकाने विचारलं.

"येतात-जातात माणसं. मी कुठे हजेरी घेते?"

"बरं. प्रार्थना करू या?"

"मघाशीच झाली की. पण तुम्ही आलाच आहात तर करा. जास्त झाली म्हणून काही बाधत नाही."

त्याने प्रार्थना केली. मध्येच एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर सून मावशीला काहीतरी खुणावत होती आणि मावशी मान हलवून नको म्हणत होती.

पाळकाचे केस याच मंडळीची सेवा करताना पांढरे झाले होते. कोणत्या घरात कोणता आवाज कशाचा, हे त्याला कळायचं. अलीकडे मात्र ज्या घरी जावं तिथे अळीमिळी गुपचिळी. पोस्टातल्या बाईंनी त्याला दाराशीच उभं ठेवून "सगळं ठीक आहे हो" म्हटलं. सगळं ठीक असलेलं घर त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीत कोणीतरी नाक ओढत होतं आणि बाई ते ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने हवापाण्याच्या गोष्टी करत होत्या.

"गोदामवाले," पंखेवाले काका म्हणाले. काका मंडळीच्या पंचांपैकी एक. त्यांच्या दुकानात छताला टांगलेले पंखे दिवसभर फिरत, त्यामुळे त्यांना ओरडून बोलायची सवय जडली होती, आणि गुपितंही ते त्याच पट्टीत सांगत. "बंद पडलेल्या गोदामात ती नवी मंडळी भरते ना, ढोल-गिटारवाली? त्यांचा तो पोरगेला उपदेशक घरोघर फिरतो म्हणे. तुमची मेंढरं चोरतोय तो, पाळकसाहेब. आणि तुम्ही बसलाय कुंपणाला टेकून."

"पुरावा आहे का काही?"

"सावकाशची व्हॅन रोज गोदामासमोर उभी असते. आता बोला."

शाळेची मुलं ने-आण करणारा व्हॅनवाला मंडळीचाच होता. मुलं चढताना-उतरताना तो "सावकाश, सावकाश" म्हणायचा, म्हणून लहानथोर त्याला सावकाश म्हणत. त्याची गाडी वर्षानुवर्षं चर्चच्या बोळात, भिंतीला घासून उभी असायची. गेले काही आठवडे ती बोळात दिसली नव्हती, हे पाळकाला आत्ता जाणवलं. रविवारी सावकाश चालत येत होता. दाराशी हात मिळवताना तो पाळकाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचा. गीतांचं पुस्तक उघडं धरायचा, पण पान उलटत नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच, असं पाळकाने तेव्हाच ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी तो न कळवता सावकाशच्या घरी गेला. दारात चपला होत्या. त्यातला एक जोड त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. आपल्या घरी उंबऱ्याशी तो रोज त्याच जोडाला अडखळत असे.

आतून सावकाशच्या बायकोचा आवाज आला. "त्यांच्या कानावर जाता कामा नये, बाई. तुमच्या पाया पडते."

"जाणार नाही," पाळकीणबाई म्हणाली.

पाळक खोकला आणि आत गेला. तिघंही उठून उभी राहिली. त्यातला सावकाश आवाजाच्या दिशेने वळला, पण किंचित चुकीच्या कोनात.

"अहो, तुम्ही इकडे कुठे?" पाळकीणबाईने विचारलं.

"तू शिंप्याकडे जाणार होतीस ना?"

"शिंपी बंद होता."

शिंप्याच्या दुकानावरूनच तो आला होता. मशीन खडखडत होतं. म्हणजे गोदामवाल्यांनी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत मजल मारली तर, असं त्याच्या मनात आलं. सावकाशच्या बायकोने चहाचं विचारलं. तो नको म्हणाला. सावकाश भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता "फेरीची वेळ झाली" म्हणाला आणि बायकोही त्याच्याबरोबर निघाली. पाळकाला ते खटकलं. नवऱ्यावर एवढी पाळत?

तो त्यांच्या मागे गेला नाही. ते त्याला शोभलं नसतं. पण शाळा सुटल्यावर मुलं जिथे उतरतात त्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर तो जाऊन उभा राहिला. ते बहुधा शोभत असावं.

व्हॅन गोगलगायीसारखी आली. सावकाशची बायको पुढच्या सीटवर होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. समोर एक स्कूटर आडवी लावलेली होती. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला ती रस्त्याच्या टोकापासून दिसली असती. व्हॅन तशीच पुढे येत राहिली. बायकोने हात टाकून स्टीअरिंग ओढलं. गाडीने स्कूटरला वळसा घातला आणि थांबली. गाडीतलं शेवटचं मूल उतरलं, त्याने टाटा केला. सावकाशने त्या मुलाच्या जरा डावीकडे बघून टाटा केला.

पाळकाला आता उलगडलं. रिकामी व्हॅन गोदामाकडे गेली, कारण तिथलं अंगण मैदानासारखं मोकळं होतं आणि बोळात गाडी घालायला डोळे लागतात. धर्माचा त्यात काही संबंध नव्हता.

घरी पाळकीणबाई इस्त्री करत होती.

"डोळे," तो म्हणाला.

"कोणाचे?"

"ज्याची बायको शेजारी बसून बघते आणि जो नुसता पेडल दाबतो, त्याचे."

तिने इस्त्री उभी ठेवली. "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही हं."

"नाही. तू शिंप्याकडे होतीस."

ती हसली नाही. "कालच कबूल झाला तो. नजरेच्या मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरने गाडी बंद करायला सांगितलीय. मी बजावून आले, सोमवारी गाडी बाहेर काढलीस तर मी शाळेच्या फाटकात उभी असेन. त्याआधी तू स्वतःच्या तोंडाने आईबापांना सांग."

"आणि आजची दुपारची फेरी?"

तिने शर्टाची कॉलर उगाच सरळ केली. "त्याची बायको होती बरोबर," ती म्हणाली, आणि हे लंगडं आहे हे तिला बोलतानाच कळलं.

"मावशीची खुर्ची?"

"मीच."

"पोस्टातल्या बाई?"

"मीच."

"पाळक मी आहे. लोक मला का सांगत नाहीत?"

"तुम्ही प्रार्थना करता म्हणून."

"ते माझं कामच आहे."

"करा ना. पण माईकवर?" आता ती थांबणार नव्हती. "पोस्टातल्या बाईंच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आईने तुम्हाला विश्वासात घेऊन सांगितलं. तुम्ही रविवारी डोळे मिटून म्हणालात, 'हे प्रभू, लग्न मोडल्याच्या दुःखातून आमच्या या बहिणीला सावर.' त्या पोरीला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. तिला ते तुमच्या आमेनच्या आधी अर्धा मिनिट कळलं. आणि मावशीचा मुलगा दारू सोडायला कुठे दाखल झालाय, हे तुम्ही पत्त्यासकट देवाला सांगितलंत. देवाला पत्ता कशाला लागतो?"

पाळक खुर्चीत बसला. त्याला ते सगळे रविवार आठवत होते. सगळ्यांनी गदगदून आमेन म्हटलं होतं. आपण मंडळीला एकमेकांची ओझी वाहायला लावतोय, असं तेव्हा त्याला मनापासून वाटलं होतं. लोक मात्र त्या दिवसापासून ओझी दाराआड लपवू लागले होते. इतके दिवस तो त्यांच्यावर संशय घेत हिंडला, आणि त्या सगळ्या घरांनी त्याच्यावर केव्हाच घेऊन ठेवला होता.

"रविवारी मी एक वाक्य बोललो तर गाडी तिथल्या तिथे बंद होते," तो म्हणाला.

"होईल. आणि यापुढे ज्याला फेफरं येईल, ज्याचा हात थरथरायला लागेल, तो ते मलासुद्धा सांगणार नाही. बायकोच्या कानात सांगेल आणि गाडी चालवत राहील."

शनिवारभर तो उपदेश लिहायला बसला आणि उठला. मुलांची काळजी खरी होती. पण त्या काळजीच्या आडून मावशीची खुर्ची, म्हणजे लोक आपल्याला सोडून बायकोला सांगतात ही बोचही डोकावत होती, हे त्याला दिसत होतं, आणि दिसलेलं नाकारणं त्याला जमत नव्हतं.

रविवारी सावकाश मधल्या बाकावर होता, बायको शेजारी. मध्यस्थीच्या, म्हणजे मंडळीतल्या गरजूंसाठी करायच्या प्रार्थनेची वेळ आली. लोकांनी डोळे मिटले आणि कान टवकारले. पाळकाने सवयीने माईक जवळ ओढला, आणि मग लांब सारला.

"ज्याच्यावर जे ओझं आहे, ते तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "आमेन."

कोणी आमेन म्हणेना. एकेक डोळा उघडू लागला. लोकांनी आधी पाळकाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. इतकी आखूड प्रार्थना त्या इमारतीत कोणी ऐकली नव्हती.

"कोणाचं काय झालंय?" उपासना संपताच पंखेवाल्या काकांनी त्याला खांबाआड गाठलं आणि आपल्या मते कुजबुजले. ते मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "नावसुद्धा घेता येऊ नये असं? काहीतरी मोठंच पाणी मुरतंय."

"काही नाही, काका."

"म्हणजे आहेच," काका म्हणाले.

बाहेरच्या पायऱ्यांवर तर्काला पाय फुटले होते. पाळकाची बदली झालीय. पाळकाला आजार आहे. पाळकीणबाई माहेरी निघालीय. पूर्वी तो बोलायचा तेव्हा लोक घाबरायचे. आज तो गप्प बसला, तर जास्तच घाबरले.

सावकाश मागच्या खोलीच्या दाराशी थांबला होता. बायकोला त्याने लांब उभं केलं होतं.

"तुम्हाला कळलंय," तो म्हणाला.

"हो. पण पाळकीणबाईंनी सांगितलेलं नाही. मी कोपऱ्यावर उभा होतो शुक्रवारी. स्कूटर पाहिली."

सावकाशने भुवया आवळल्या. "कोणती स्कूटर?"

सावकाशने कपाळ चोळलं.

"मग आज बोलला का नाहीत? मी हाताच्या मुठी आवळून बसलो होतो. म्हटलं, आता हे सांगून टाकतील, मला सुटल्यासारखं होईल."

"ते तुझं आहे. तूच सांगायला हवं."

"डाव आहे का काही तुमचा? पंचांकडे जाणार आहात?"

"नाही. पण उद्या सकाळी गाडी निघता कामा नये. निघाली तर फाटकात बाईंच्या शेजारी मीही उभा असेन. हे तुला तोंडावर सांगतो, पाठीमागे नाही."

सावकाशने खिशातून किल्ली काढली, हातात फिरवली, परत खिशात टाकली. "चला बरोबर," तो म्हणाला. "पण एक शब्द बोलायचा नाही. नुसतं बसायचं. जमेल?"

"बघतो."

पहिलं घर लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या बाईंचं होतं. त्यांची मुलगी व्हॅनने जायची. बाईंनी दार उघडलं, पाळकाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही, ताई," सावकाश म्हणाला. "मी गाडी बंद करतोय."

त्याने सगळं सांगितलं: डाग, डॉक्टर, शेजारी बसणारी बायको. तोडकं-मोडकं, पण काही न लपवता. बाईंनी उभ्याने ऐकलं. मध्ये एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं, आतल्या खोलीत मुलगी गुणगुणत होती. मग त्या सावकाशला काही न बोलता पाळकाकडे वळल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

पाळकाने सावकाशकडे पाहिलं. सावकाशने होकारार्थी मान हलवली.

"शुक्रवारी."

"आणि आज सकाळी म्हणालात, 'तुला ठाऊक आहे'. मी पुढच्याच बाकावर होते. पोरगी माझ्या मांडीवर होती."

"हो."

देण्यासारखी कारणं पुष्कळ होती. शनिवार-रविवार शाळा बंद, गाडी बंद, सोमवारचा बंदोबस्त झालेला. ती सगळी त्याच्या जिभेच्या टोकावर रांगेत उभी होती. त्याने ती गिळली, आणि गिळताना त्याला कष्ट पडले.

"पूर्वी तुम्ही सगळं बोलायचात, ते वाईटच होतं," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही गप्प राहिलात की मी काय समजायचं? की माझ्याच पोरीचं काहीतरी आहे?"

"मला अजून कळलेलं नाही," पाळक म्हणाला. "शंका आली की घरी येऊन मला विचारा. जे सांगता येईल ते सांगेन. जे सांगता येणार नाही, ते येणार नाही असं सांगेन. आणि पोरांच्या जिवाचं असेल, तर ज्याचं आहे त्याला घेऊन आजच्यासारखा दारात येईन."

बाईंनी ते ऐकून घेतलं. मानलं की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "उद्या तिला शाळेत कोण सोडणार? मला सकाळीच ड्यूटी आहे."

सावकाश खाली बघू लागला.

"मी सोडेन," पाळक म्हणाला. "चालत. वाटेवरची सगळी मुलं गोळा करून. सावकाशही येईल बरोबर, मुलं त्याचं ऐकतात."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सुईला नस सापडते का ते बघावं, तसं.

"तुमचे डोळे कधी तपासलेत शेवटचे?"

सावकाश हसला. बाई हसल्या नाहीत. त्या उत्तराची वाट बघत होत्या. पाळकाने चष्म्याला हात लावला आणि आठवून पाहिलं. आठवेना. आणि या दारात खोटं बोलायची सोय नव्हती.

"उद्या शाळा सुटायच्या आत तपासून घेतो," तो म्हणाला. "सकाळी तुमची मुलगी माझा हात धरेल आणि सावकाशची बायको पुढे चालेल."

"मी ड्यूटीवर जायच्या आधी कोपऱ्यापर्यंत येऊन बघणार आहे," बाई म्हणाल्या.

"या," पाळक म्हणाला, आणि तो व सावकाश पुढच्या घराकडे निघाले.