अर्ध्या जिन्यावरची क्रांती

परदेशात कुठंही क्रांती झाली, की तिचा अर्थ भाष्यकाराला विचारायचा, असा कामगारांच्या त्या अभ्यासमंडळाचा शिरस्ता होता. भाष्यकार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो गाड्या दुरुस्तीच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. पण जगाच्या कुठल्याही टोकाला एखादा हुकूमशहा पळाला रे पळाला, की रविवारी दुपारी युनियनच्या खोलीत सगळ्या माना त्याच्याकडे वळायच्या. मग तो चष्मा पुसायचा, पुसायला मुद्दाम जास्तच वेळ लावायचा, आणि मार्क्सपासून निघून त्या देशातल्या गोदी कामगारांपर्यंत असा काही पोचायचा, की वाटावं हा कालच तिथून परत आलाय. पठ्ठ्यानं जन्मात समुद्रसुद्धा पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मंडळाचे दोन नियम होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. एक म्हणजे, भाष्य संपलं की त्या क्रांतीबद्दल ठराव मांडायचा, हात वर करून मतं घ्यायची, आणि जो ठराव होईल तो भाष्यकारानं स्वतःच्या हातानं कारखान्याच्या फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. तिकडच्या क्रांतिकारकांना या फळ्याचा पत्ता नव्हता. तरी ठराव चुकायला नको म्हणून इथं माणसं घसा बसेपर्यंत भांडायची. दुसरा नियम असा, की नवराबायकोनं शेजारी बसायचं नाही, आणि खोलीत कुणीही कुणाला 'तुम्ही'च म्हणायचं. घरातलं 'तू' उंबऱ्याबाहेर चपलांपाशी ठेवून यायचं. एका घराची दोन मतं असू शकतात, हे दिसलं पाहिजे ना!

त्यामुळे भाष्यकाराची बायको समोर खिडकीपाशी बसायची. ती कपड्यांच्या कारखान्यात कटर होती, कापडाच्या थप्प्या बेतायची. भाष्यकार बोलायचा सगळ्यांसाठी, पण बघायचा तिच्याकडे. तिची मान हलली की त्याला वाटायचं, जमलं आज. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या काय अन् जांभया दिल्या काय, त्याला सोयरसुतक नव्हतं.

अशी सगळी छान घडी बसलेली असताना बायकोची दाढ दुखायला लागली. मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरकडे तिनं चार खेपा घातल्या, आणि दाढ बरी करून आली ती त्या डॉक्टरला सोबत घेऊनच! "यांना आपल्या मंडळात यायचंय," असं तिनं रविवारी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर तरुण होता, नम्र होता, आणि हसला की दात असे दिसायचे की आपण तोंड मिटून घ्यावं. तो पहिल्या रांगेत बसला, मन लावून ऐकलं, आणि शेवटी असे प्रश्न विचारले की खिडकीपाशी बायकोची मान हलली. डॉक्टरसाठी!

झालं. त्या दिवसापासून भाष्यकाराच्या पोटात दुखायला लागलं, ते काही थांबेना.

"त्याला काय कळतं गं?" घरी तो म्हणायचा. "दुसऱ्याच्या तोंडात डोकावणं वेगळं आणि इतिहासात डोकावणं वेगळं."

"अरे, शिकतायत ते. तुझ्याकडूनच शिकतायत. तू कशाला जळतोस?"

"मी? आणि त्या दातवाल्यावर जळू? हॅट्!" असं म्हणता म्हणता त्यानं गॅसवरचं दूध उतू घालवलं.

खोटं कशाला बोला, जळत तर होता. बायको आरशासमोर केस विंचरायला लागली तरी त्याच्या मनात यायचं, आज रविवार म्हणून का? ती गुणगुणली तरी शंका, गप्प बसली तरी शंका. लेथवर उभा राहून तो दिवसभर मनातल्या मनात डॉक्टरशी वाद घालायचा आणि प्रत्येक वेळी जिंकायचा. महिनाभर हेच चाललं.

अशात एका दूरच्या देशात सैनिक आणि गोदी कामगारांनी मिळून तिथल्या जनरलला पळवून लावलं. भल्या माणसांचं नवं सरकार आलं. पण गिरणी कामगार काही तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मालकांना बाहेर काढलं, फाटकं आतून बंद केली आणि गिरण्या स्वतःच चालवायला घेतल्या. आता प्रश्न असा, की हे बरोबर की चूक? आधी लोकशाही नीट रुजू द्यायची आणि समाजवादाचं मग बघायचं, की आलोच आहोत तर पुढं जायचं? भाष्यकाराचं मत जन्मापासून ठाम होतं, पुढं जायचं. त्यानं आठवडाभर तयारी केली. या वेळी अशी मान हलवायला लावतो, तो स्वतःशी म्हणाला, की दुखून येईल.

रविवारी म्हातारा वेल्डर अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, "आज सुरुवात डॉक्टर करतील. कटरबाईंची सूचना आहे."

भाष्यकारानं पुसायला घेतलेला चष्मा तसाच हातात राहिला.

डॉक्टर उभा राहिला. आधी चाचरला, मग सुटला. आणि जे जे भाष्यकार बोलणार होता, तेच ओळीनं बोलत गेला. कामगारांनी गिरण्या सोडू नयेत, सोडल्या तर जनरल मागच्या दारानं परत येईल, वगैरे सगळं. शेवटी त्यानं भाष्यकाराकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "जनरल गेला म्हणजे अर्धा जिना चढून झाला. आणि अर्ध्या जिन्यावर कुणी बिऱ्हाड मांडत नाही!"

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. भाष्यकारानं खिडकीकडे पाहिलं. बायकोची मान हलत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. हा चेहरा त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आपल्यासाठी तर नाहीच नाही. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"भाष्यकार, तुम्ही बोला," वेल्डर म्हणाला.

आता काय बोलणार? डॉक्टरांशी सहमत आहे, एवढं म्हटलं की काम होतं. पण जीभ वळेल तर शपथ! तो उभा राहिला आणि आपल्याच उभ्या आयुष्याच्या विरुद्ध बोलायला लागला. परिस्थिती पिकलेली नाही, म्हणाला. घाई नको, म्हणाला. गिरण्या तूर्त मालकांना परत द्याव्यात आणि योग्य टप्प्याची वाट बघावी. कुठून कुठून आधार आणले त्यानं! आणि शेवटी डॉक्टरकडे वळला.

"आणि डॉक्टर, क्रांती म्हणजे जिना नव्हे. असली चटपटीत वाक्यं तुमच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या पेशंटला ऐकवा. त्या बिचाऱ्याला उठून जाता येत नाही!"

सगळे खो खो हसले. डॉक्टरचा चेहरा पडला. बायको हसली नाही.

मतं घेतली. मंडळाला सवयच भाष्यकाराच्या मागं जायची, त्यामुळे पटापट हात वर झाले. विरोधात दोनच हात, डॉक्टरचा आणि तिचा. ठराव मंजूर झाल्यावर भाष्यकार फाटकापाशी गेला आणि फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कामगारांनी गिरण्या मालकांच्या ताब्यात द्याव्यात.' आत जाणारा एक फिटर थांबला, त्यानं फळा वाचला, भाष्यकाराकडे पाहिलं आणि निघून गेला. खडूचे हात पँटला पुसत भाष्यकार घरी निघाला.

बायको वाटेत दोन पावलं पुढंच चालत होती. इमारतीचा जिना चढताना मधल्या वळणावर मात्र ती थांबली.

"ते जिन्याचं वाक्य कुणाचं होतं?"

"त्या दातवाल्याचं."

"तुझं."

"माझं?"

"आमच्या कारखान्यातला पहिला संप आठव. मालक अर्धी मागणी मान्य करून मोकळा होत होता आणि आम्ही घरी निघालो होतो. तू उलट्या खोक्यावर उभा राहून कुठल्या तरी देशातल्या क्रांतीबद्दल बोलायला लागलास. अर्ध्या जिन्यावर कुणी बिऱ्हाड मांडत नाही, म्हणालास. मी नुकतीच कामाला लागले होते. आमच्यातली एकही बाई घरी गेली नाही त्या दिवशी. आणि त्या वाक्यावर मी तुला हो म्हटलं."

भाष्यकार कठड्याला टेकला.

"डॉक्टरांना मीच सांगितलं ते. इंजेक्शननं गाल बधिर व्हायची वाट बघत मी खुर्चीत बसले होते तेव्हा. ते म्हणाले, असा माणूस कुठं भेटेल? म्हणून आले. तुझं वाक्य तुझ्यासमोर म्हणायचं होतं त्यांना. मला वाटलं, तू ओळखशील. खूश होशील."

"मला वाटलं, तुझं आणि त्याचं..."

"कळतंय मला काय वाटलं ते. महिनाभर जळतोयस. पण जळलास कुणावर, ते कळलं का आता?"

त्यानं खडूचे हात पुन्हा पँटला पुसले. म्हणाला, "पुढच्या रविवारी ठराव मागं घेतो. डॉक्टरची माफी मागतो. मग तर झालं?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या नवख्या सभासदाकडे बघावं तसं.

"मागं घ्या," ती म्हणाली. "मी ऐकेन, पटलं तर हात वर करेन. आणि जेवायला या, भाष्यकार."

मंडळाचं 'तुम्ही' पहिल्यांदाच त्यांच्या जिन्यावर आलं होतं. ती वर गेली, दार उघडल्याचा आवाज आला. भाष्यकार तिथंच पायरीवर बसला.

खालून शेजारीण पिशव्या सावरत वर आली. "अगंबाई, हे काय? इथं अर्ध्या जिन्यात का बसलात?"

त्यानं पाय आवरून घेतले आणि तिला वाट करून दिली.