तौफेऊंच्या घराण्यातला तुडतुडा

सिनालेई अळूची वाळकी पाने घेऊन बैठकीच्या घरात शिरली आणि ती तिने गावप्रमुख तौफेऊ यांच्या मांडीपुढे आदळली.

"सरदार, तुमच्या भावकीनं माझं श्यात खाल्लं!"

भावकी म्हणजे तुडतुडे. न्यूझीलंडहून आलेल्या कीटकशास्त्रज्ञ बाईंना सामोआतल्या आमच्या गावाच्या उतारावर ही जात सापडली. जगात ती अद्याप कोणी नोंदवलेली नव्हती. तौफेऊंनी बाईंना डुकराची मेजवानी दिली आणि आपल्या घराण्याची पदवी त्या जातीला नाव म्हणून देववली. छापून आलेले वर्णन त्यांनी याच घरात मोठ्याने वाचून घेतले: "डोके बसकट, कपाळ फिकट पिवळे, मागच्या पायांवर काट्यांच्या रांगा." आम्ही माना खाली घातल्या, कारण वर पाहिले असते तर नजर तौफेऊंच्या कपाळावरच गेली असती. त्यानंतर फर्मान निघाले: पदवी धारण करणाऱ्या जिवावर हात उगारणे हा घराण्याचा अपमान होय. तेव्हापासून, ज्या अळूवर तिचे पोट चालते, त्यावर साबणाचे पाणी शिंपडण्याचीही सिनालेईला चोरी झाली.

"किड्याचं पाप माझ्या माथी मारतीस व्हय गं?" तौफेऊ गरजले.

"म्या कुठं मारतीया? पदवी तुमी दिली. पदवी घेतली की त्यो घरचा झाला. अन् घरच्यानं दुसऱ्याचं वाटोळं केलं तर प्रमुखानं काय करायचं असतंय, ते बाईमाणसानं सांगावं का?"

अपराध्याच्या घराण्याच्या प्रमुखाने पहाटे पीडिताच्या दारात, डोक्यावरून मानाची चटई ओढून, खाली मान घालून बसायचे. समोरच्याने चटई उचलली तरच क्षमा. हे सामोआत लेकरालाही ठाऊक असते.

"मग काढून घ्या की त्याची पदवी," म्हातारे ओलोफाऊ हसू दाबत म्हणाले.

तौफेऊंनी तिथूनच बाईंना फोन लावला. एकदा छापलेले नाव मागे घेता येत नाही, ते कायमचे, असे उत्तर आले. तौफेऊंचा चेहरा पडायला हवा होता, तो उजळला. कायमच्या नावापुढे एका पहाटेची काय मातब्बरी!

दुसऱ्या दिवशी पहाटे ते सिनालेईच्या दारात चटई ओढून बसले. ऊन चढले, चटईखाली घामाची धार लागली. सिनालेईने सावकाश कोको उकळला, भाजलेला नीरफणस खाल्ला, अंगण झाडले आणि मगच चटई उचलली.

"माफ केलं, सरदार. आता माझ्या अळूचं काय?"

"मारू मात्र नगंस त्यास्नी."

"म्या कशी हात लावीन मानकऱ्यास्नी? घरच्यांना घरच्यांनीच आवरावं." आणि तिने हातातला खराटा त्यांच्या हाती दिला.

हल्ली सकाळी त्या वाटेने जाणाऱ्यांना तौफेऊ अळूत वाकलेले दिसतात. पदवीधारकाशी उद्धट बोलणे आमच्यात निषिद्ध असल्यामुळे ते प्रत्येक पान हलक्या हाताने झटकतात आणि अदबीने म्हणतात, "सरदार, आपण जरा पल्याड व्हावं जी."

सरदार टुणकन शेजारच्या पानावर जातात.