साडेसतराचं मनगट

दवाखान्यातून फोन आला तेव्हा ऑरेल पेरेनूचा उजवा हात बर्फाच्या पाण्यात होता. बोटं बधिर झाली की बाहेर काढायची आणि डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेभोवतीची चकती फिरवून बघायची. पाण्याखाली किती वेळ गेला ते पाणबुडे या चकतीवरून ओळखतात. गारठलेल्या बोटांना ती फिरवता आली नाही, तर घड्याळ कितीही महाग असो, कामाचं नाही. वीस वेळा फिरवायची होती. चौदा वेळा झाली होती.

पट्टे बसवणाऱ्या आर्मांदने फोन त्याच्या कानाला धरला. पलीकडची बाई हळू बोलत होती. त्याची बायको, नेली, सकाळी दहाला गेली. पाच महिने ती अंथरुणावर होती, पण ईस्टरपर्यंत तरी राहील असं ऑरेल धरून चालला होता.

"बरं," तो म्हणाला. मग त्याने उरलेल्या सहा वेळा चकती फिरवली, कागदावर 'वीस, अडचण नाही' असं लिहिलं आणि कोट घेतला.

त्या सहा वेळा त्याला पुढे फार लागून राहिल्या.

तीन आठवड्यांनी तो कामावर परत आला. चाचणी मोडली होती, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात. चौदा दिवस घड्याळ हातावर, झोपेतही काढायचं नाही. बावीस वर्षं तो हेच करत होता. त्याचं मनगट साडेसतरा सेंटिमीटर, ना जाड ना बारीक. घड्याळांच्या कारखान्यात कुठलाही नवा घाट पक्का करण्याआधी त्याच्या हाताचं मत घेतलं जाई.

"माप घेतेस?" त्याने विचारलं.

"तुझं माप मला माझ्या नवऱ्याच्या कॉलरपेक्षा पाठ आहे," आर्मांद म्हणाली आणि आधीचाच पट्टा तिने खटक्यात अडकवला.

घरात त्याला बसवत नव्हतं. दारातला बर्फ उपसून झाला की तो शेजाऱ्यांच्या दारातला उपसायचा. ले ब्रनेच्या तळ्यापर्यंत चालत जायचा, घड्याळासकट हात पाण्यात घालायचा, आल्या पावली परतायचा. सूप उभ्यानेच प्यायचा. खुर्चीवर टेकला की लगेच उठायचा. आणि घड्याळ हातावर फिरत राहायचं. तबकडी एका अंगाला कलंडायची, चावीचं बटण हाताच्या पाठीत रुतायचं. खटक्याच्या शेवटच्या खाचेत अडकवलं तरी तेच.

पंधराव्या दिवशी, सोमवारी, त्याने शाईने लिहून दिलं : जड. घसरतं. टोचतं. दहापैकी तीन.

तासाभरात लोरिस कागद घेऊन खाली आला. घड्याळाचा घाट त्याचा होता, दोन वर्षं त्यावर घालवली होती.

"तीन? मस्यू ऑरेल, बाकी पाच जणांनी आठ दिलेत."

"मग त्यांनाच विचार."

"वरचे तुमचंच विचारतात. सहाच्या खाली गेलं की घाट रद्द."

"टोचतं त्याला मी काय करू? दिसायला छान केलंयस. भिंतीवर लाव."

लोरिसचे कान लाल झाले. आर्मांद हसली. मग तिची नजर ऑरेलच्या हातावर गेली आणि ती हसायची थांबली.

"हात दे इकडे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

तिने कागदाची पट्टी मनगटाभोवती गुंडाळली, नखाने खूण केली आणि मोजपट्टीवर धरून पाहिली.

"सोळा."

"नीट घे."

तिने पुन्हा घेतलं. "सोळाच आहे."

ऑरेलने हात मागे घेतला आणि बाही खाली ओढली.

"जेवतोस काय तू?" आर्मांदने विचारलं.

"सूप."

"आणि?"

"सूप असतं ना."

लोरिस पुटपुटला, "पट्ट्याच्या दोन कड्या काढू. पुन्हा चौदा दिवस घाला."

"सोळाच्या मनगटाला कोण विचारतंय? तसल्या मनगटाची दोन माणसं आहेत वर," ऑरेल म्हणाला. त्याच्या नावाचं कार्ड कचेरीत होतं, त्यावर साडेसतराचा आकडा होता. आकडा गेला की त्याचं या टेबलाशी काही काम उरत नव्हतं. मग घर. दिवसभर घर.

लोरिस खिडकीकडे गेला. आर्मांदने कागदाची पट्टी मुठीत चुरगळली. "मी काही मोजलं नाही," ती हलकेच म्हणाली. "तू लिहिलंयस ते लिहिलंयस."

ऑरेल टेबलाभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी.

"त्या पोराच्या दोन वर्षांचं काय?" तो म्हणाला. "आण तो कागद."

शाईने दिलेलं मत मागे घ्यायचं तर वेगळा फॉर्म असतो. त्याने तो उभ्यानेच भरला. तीनवर काट मारली. लिहिलं : घड्याळात दोष नाही. मनगट दीड सेंटिमीटरने बारीक झालं आहे. खाली सही केली.

लोरिस कागद घेऊन वर गेला आणि दहा मिनिटांत परत आला. सहीच्या खाली आणखी एक रकाना होता, 'कारण'. तो भरल्याशिवाय कचेरी कागद घेत नव्हती.

ऑरेलने पेन उघडलं. टोक रकान्यावर टेकवलं. मग पेन बंद केलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

आज गुरुवार. तो रकाना अजून भरायचा राहिला आहे.