आप्पासाहेबांचा डीजे

आमच्या दवाखान्यात मला सगळे सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे, हे सुरुवातीला मी भांडून भांडून सांगितलं, मग दमले. डॉक्टर विशाखा मॅडम ऑपरेशन करतात आणि त्याच्या आधीचं-नंतरचं सगळं माझ्या गळ्यात असतं. तपासायचं, समजावायचं आणि ऐकलं नाही तर ओरडायचं. मूत्रविकाराच्या दवाखान्यात ओरडायला भरपूर वाव असतो. चांगला मिशीवाला गडी येतो, पण बाईमाणसाला लघवीचं कसं सांगायचं म्हणून "जरा पाण्याचा त्रास हाय" एवढंच पुटपुटतो. मग "धार बारीक आहे का?" हे मलाच खणखणीत आवाजात विचारावं लागतं.

फुलंब्रीच्या आप्पासाहेबांचा मुतखडा आम्ही काढला, तेव्हा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी आत ठेवली होती. दोन्ही टोकं इंग्रजी 'जे'सारखी वळलेली असतात म्हणून तिला डबल जे, थोडक्यात डीजे म्हणतात. सूज उतरली की ती काढायची. विसरलात तर त्या नळीवरच नवे खडे चढतात आणि मूत्रपिंड कामातून जातं. हे सगळं मी त्यांना समजावलं होतं, त्यांनी मानही हलवली होती. पण घरी गेले ते गेलेच, तारीख उलटून कितीतरी दिवस झाले तरी फिरकले नाहीत.

मी फोन लावला. मागे बायकांचा गलका चालला होता, मांडवाचं काहीतरी बोलणं सुरू होतं.

"काका, दवाखान्यातून रुक्सार बोलतेय. तुमचा डीजे काढायचा राहिलाय."

"मॅडम, परवानगी काढलीय आमी!" ते मोठ्यानं म्हणाले. "रात्री धाच्या आत बंद करू." आणि फोन ठेवला.

हसून हसून माझी पुरेवाट झाली. दवाखान्यात भेटेल त्याला मी तो किस्सा ऐकवला. मॅडमही पोट धरून हसल्या, मग एकदम म्हणाल्या, "हसून झालं असेल तर परत लाव. माणसाचं मूत्रपिंड जाईल."

पण आप्पासाहेब फोन उचलेनात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, आवडाबाईंनी उचलला. मी डीजेचं नाव काढताच त्या घाईघाईनं म्हणाल्या, "काढला मॅडम, काढला आमी डीजे!"

माझा जीव भांड्यात पडला. "बरं झालं. कुठं काढला?"

"हितंच, दारात."

"दारात? कुणी काढला?"

"माह्या भावानं."

"ते डॉक्टर आहेत?"

"नाय वं, ट्रॅक्टर चालवतो. दोरखंड बांधून वढला अन् टाकला गाडीत."

या अल्लाह! "रक्त आलं का?"

"आलं की जरासं. त्याचं बोट चेंबटलं. पोरं लई रुसलीत, पर मालक म्हनले, पोलीस ठेसनातल्या बाईचा फोन हुता, नाव नका काढू डीजेचं."

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "काकू, मी पोलीस नाही, दवाखान्यातली रुक्सार. डीजे तुमच्या मालकांच्या पोटात आहे. नळी आहे ती. काढली नाही तर मूत्रपिंड जाईल."

मग त्या म्हणाल्या, "म्हंजी रातच्याला सारखं उठतेत ते तेच्यामुळं व्हय? मला म्हनले, लगनाच्या काळजीनं झोप लागंना. उद्या आनते."

आणलं. सकाळीच दोघं हजर. एक्स-रे काढला, नळी अजून स्वच्छ होती. मला एवढा आनंद झाला की मी तिथंच टाळी वाजवली. मॅडमनी बधिर करणारी जेली लावून, पूर्ण भूल न देता, दुर्बिणीनं ती काढली. आवडाबाईंचा चहा संपायच्या आत आप्पासाहेब चालत बाहेर आले.

"येवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच!" मी ओरडले. "आणि तुम्ही माझा फोन पोलिसांचा समजलात!"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तसं नाय, ताई. पैल्या फोनलाच कळलं हुतं मला."

"मग?"

"लेक मंजुषा बाजूलाच हुभी हुती. तिचं लगन मागं माह्याच आपरेशनपायी पुढं ढकललं. आता पुन्यांदा आपरेशन म्हनलं असतं, तर तुमी बरं झाल्याबिगर लगन नाय म्हणून पोरगी पुन्हा आडून बसली असती. म्हनलं, लगन हुऊन जाऊ द्यावं, मग बघू काय व्हायाचं ते."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि डोळेही भरून आले. ज्या माणसावरून मी सगळ्या दवाखान्याला हसवत होते, तो तेव्हा लेकीसमोर नाटक करत उभा होता. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आवडाबाईंनी कप खाली ठेवला.

"तारीख काय, दुसरी घावली असती," त्या म्हणाल्या. "पोरीला दुसरा बाप कुठनं आनला असता मी?"

आप्पासाहेबांनी बायकोच्या हातातली औषधांची पिशवी आपल्या हातात घेतली आणि "चल" म्हणाले.